एका परातीची पंगत

मांजरांना शिस्तीत पंगतीला बसवणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच, आणि ते आमचे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. रेवसच्या धक्क्यावर जन्मभर लाँचची तिकिटं फाडली. निवृत्त झाले आणि उतारूंच्या जागी मांजरं आली. अकरा! रोज कोळणींकडून बांगड्याची डोकी आणायची, भातात शिजवायची आणि एकाच पितळी परातीत वाढायची. वेगळं वाढलं की भांडणं होतात, एका परातीत जेवली की सोयरी होतात, असं त्यांचं शास्त्र. परात आत्याच्या लग्नातली, त्यामुळे तिचं शास्त्र वेगळं होतं. मी हसायचो खरा, पण अकरा तोंडं एका परातीत आणि गुरगुर म्हणून नाही, हे बघून थक्कही व्हायचो.

त्यांत लाडका तांडेल. फाटक्या कानाचा, गावभर मारामाऱ्या करणारा बोका. दिवाळीनंतर त्याच्या हिरड्या सुजल्या, खाणं सुटलं. आम्ही त्याला अलिबागला नेला. डॉक्टरांनी थेंबभर रक्त तपासलं आणि सांगितलं, दोन विषाणू आहेत. एक चावण्यातून येतो, दुसरा बहुतेक लाळेतून. एकच विषाणू असता तर बोक्याने कदाचित वर्षं काढली असती. दोन्ही जोडीनं आले की पुष्कळदा आजार कळेपर्यंतच फार पुढे गेलेला असतो. माणसाला लागत नाही, पण एका भांड्यात खाणाऱ्या मांजरांना लागू शकतो.

"म्हंजे माझ्या परातीनं?" आतोबांनी विचारलं.

दुसऱ्याच दिवशी अकरा वाट्या आल्या. ज्या माणसाने स्वतःचा दुखरा दात कधी डॉक्टरला दाखवला नाही, त्याने दहा मांजरं टोपल्यांत घालून एकेक तपासून आणली. ओरबाडलेले हात बघवत नव्हते. दहाही निकोप निघाली. खात्रीसाठी काही आठवड्यांनी पुन्हा एकदा तपासायचं ठरलं. तांडेलला मात्र मागच्या पडवीत जाळीआड ठेवावं लागलं, आणि तो वाटीला तोंड लावीना. जन्मात कधी एकटा जेवलाच नव्हता.

तेव्हा आतोबा आपलं ताट घेऊन जाळीआड जाऊन बसले. आत्याने कपाळाला हात लावला.

"डॉक्टर बोलले ना, मानसाला लागत न्हाय," ते म्हणाले. "मग पंगतीला मी हाय."

तांडेल जेवला. तो दोन घासांवर थांबला की आतोबाही थांबायचे, त्यामुळे शिमग्यापर्यंत दोघेही वाळले. मग एका दुपारी ते भरलेलं ताट तसंच घेऊन, जाळी उघडी टाकून पडवीतून आत आले, आणि आत्याने काही न विचारता त्यांचा पाट स्वयंपाकघरात, आपल्या शेजारी मांडला.