आईच्या पिशवीला हात लावू नका

माझ्या आईचा जीव माझ्या डोळ्यांदेखत जात होता, आणि मी तिला कोकम सरबत पाजत होतो.

तिला वाचवणाऱ्या सुलभा सिस्टर आज सकाळी गेल्या.

आमच्या मिठबावात म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन बीपी-शुगर बघणाऱ्या, औषधांचे कागद नीट लावून देणाऱ्या नर्स. स्कूटीवरून यायच्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईच्या नाकातून सकाळपासून रक्त येत होतं. हातावर जांभळे डाग. मी म्हटलं, उष्णता.

सिस्टरनी डाग बघितले.

"काकी, औषध कसला घेतास?"

"नेहमीचाच. डाक्टरान दिल्ला ता."

"आणि?"

आईने जवळची पिशवी मागे सारली.

माझं डोकं फिरलं. तिची कापडी पिशवी उचलली, जमिनीवर ओतणार, तेवढ्यात सिस्टरनी मनगट धरलं.

"भाऊ, पिशयेक हात लावू नकात. ती तेंची आसा."

"सिस्टर, रक्त थांबत नाहीये."

"माका दिसता. तुमी भायर रवा. भाषण मागसून करा."

माहितीच्या अधिकारावर तालुकाभर गरजणारा मी, माझ्याच घरासमोरच्या खळ्यात मुकाट उभा. आत सिस्टर आईचं नाक दाबून बसलेल्या. दोघींची कुजबुज.

पाच मिनिटं असतील. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

"येवा. काकी सांगूक तयार आसत."

आईने स्वतःच्या हाताने पिशवीतून गोळ्यांच्या दोन स्ट्रिप काढल्या.

एक इथल्या डॉक्टरांची. दुसरी डोंबिवलीची. चतुर्थीनंतर ती महिनाभर माझ्या भावाकडे जाते, तिथल्या डॉक्टरांनी दिलेली.

नावं वेगळी. औषध एकच, रक्त पातळ करणारं. दीड महिना ती दोन्ही घेत होती.

"हयल्या डाक्टरांका सांगूक नाय कित्याक?" सिस्टरनी विचारलं.

"तेंका वायट वाटला असता गो. दुसऱ्याकडे गेलंय म्हणान."

हसू नका. तुमच्या घरात बघा.

रिपोर्ट मुलाच्या मोबाइलमध्ये, फाइल डॉक्टरांकडे, आणि जिचं शरीर तिच्या हातात कागदाचा कपटा नाही. तिला कुणी विचारत नाही, मग ती सांगणार कुणाला? याला आपण काळजी म्हणतो. ही मुजोरी आहे. आणि पहिला मुजोर मी.

सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला आणि आईच्या हातात दिला. आईनेच सगळं सांगितलं. डॉक्टरांना वाईटबिईट काही वाटलं नाही. म्हणाले, आत्ताच्या आत्ता देवगडला न्या.

आई वाचली.

ती बरी होऊन घरी आल्यावर सिस्टर एक वही घेऊन आल्या. औषधांची नावं आईलाच लिहायला लावली. मी डोकावलो.

आई म्हणाली, "आधी विचार, मगे बघ."

आज सिस्टरच्या खळ्यात माणसं एकमेकांना विचारत होती. काय झालेला? कधीपासून? आमका कसा कळाक नाय?

मी नाही विचारलं. आईनेही नाही.

त्यांना सांगायचं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं.

सुलभा सिस्टर, आम्हा मायलेकांचा तुम्हाला अखेरचा नमस्कार.