पार्वतम्माचा गोळ्यांचा डबा

उदगीरच्या त्या गल्लीत कुणाचा घसा बसला, कुणाला ताप भरला, की पाय आधी पार्वतम्माच्या घराकडे वळायचे. तिच्या फडताळात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात गल्लीभरच्या उरलेल्या गोळ्या. डॉक्टरने पाच दिवसांच्या दिल्या आणि दोन दिवसांत बरं वाटलं, की उरलेल्या तिच्याकडे जमा. विरजण मागावं तशी लोकं गोळी मागत आणि तीही हात आखडता घेत नसे. गोळीबरोबर चहा व्हायचा, चहाबरोबर सुनांच्या कागाळ्या. नवरा, गुरुपादप्पा, गेल्यावरही तिचा उंबरा झिजत राहिला, तो या डब्यामुळे.

मागच्या उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण आठवड्याभरात टाक्यांतून पू यायला लागला, अंग तापाने फणफणलं. इंजेक्शनं बदलून पाहिली, ताप काही हटेना. मग तपासणीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टर मंजुश्री आली. याच गल्लीतली पोर ती, पार्वतम्माच्या ओट्यावर खेळून मोठी झालेली.

"अव्वा, जखमेत दवाखान्यातला जंतू शिरलाय. नेहमीची औषधं त्याला लागूच पडत नाहीत. एक राहिलंय, जरा जड आहे, ते देऊन बघू."

"लागू पडत न्हाईत म्हंजे? माझ्या डब्यातल्या एका गोळीत माणसं उठून बसायची की गं!"

"मी पण बसलेय," मंजुश्री हसली. "पण आपण गरज असो नसो, औषधं खात राहिलो. त्यात लेचेपेचे जंतू मेले, चिवट तेवढे उरले आणि त्यांचीच पिलावळ वाढली. दुकानदारांनी वाढवली, आम्ही डॉक्टरांनी वाढवली..."

"अन् माझ्या डब्यानं," पार्वतम्मा म्हणाली.

ते शेवटचं औषध लागू पडलं. ताप उतरत होता तेव्हा तिला सारखी गल्ली आठवायची: दारातल्या चपला, चुलीवर उकळणारा चहा, 'अव्वा, हाय का गं?' अशी हाक. घरी येताच तिने डब्यातल्या सगळ्या गोळ्या मंजुश्रीच्या स्वाधीन केल्या. डबा मात्र टाकायला जीव होईना म्हणून ठेवला.

गोळ्या गेल्या आणि माणसंही गेली. पहिले काही दिवस लोकं विचारपूस करून गेली, मग दारात चिटपाखरू दिसेना. वॉकर धरून ती उंबऱ्याशी बसून राही. एवढी वर्षं लोकं आपल्यासाठी येत होती की डब्यासाठी, या विचाराने तिला रडू यायचं.

अशात एक दिवस शेजारची अंबिका आली. तिचा नवरा शिवलिंग पेंडीचा दुकानदार, आडदांड गडी. त्याची दाढ सुजली होती.

"अव्वा, ह्यांच्या दाढेची सूज उतरली. तीन दिसाच्या गोळ्या उरल्यात. ठेव डब्यात. आता पुन्हा सुरू कर बाई, लई अडतंय गल्लीचं."

पार्वतम्माचा हात सवयीने पुढे झाला. गोळ्या घेतल्या की उद्यापासून दार पुन्हा वाजणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने गोळ्यांची पट्टी हातात घेतली, जरा वेळ तशीच धरली.

"ह्या त्याच्याच हायत," ती म्हणाली. "त्याला धाड इकडं. रोज माझ्यासमोर गिळायच्या, म्हणावं."

शिवलिंग कुरकुरत आला. एवढा मोठा गडी शाळेतल्या पोरासारखा तिच्यापुढे उभा राहून गोळी गिळायचा, आ करून दाखवायचा. ते बघायला अंबिका यायची, अंबिकामागून आणखी दोघीतिघी.

शेवटच्या दिवशी शिवलिंगने रिकामी पट्टी तिच्या हातावर ठेवली. पार्वतम्माने ती डब्यात टाकली. त्या डब्यात रिकामी पट्टी पहिल्यांदाच पडत होती.

"संपल्या की, अव्वा. आता उद्या काय गिळू?"

"च्या," पार्वतम्मा म्हणाली.