दार नुसतं लोटून जा

या सदरात मी आजवर वाचक म्हणूनच आलो. तेही, खरं सांगायचं तर, लोकांच्या अनुभवांतल्या चुका काढायला. कुणाला संकेत मिळाला, कुणाला हाक ऐकू आली... आमच्या सेक्शनला असली नोट आली असती तर 'कृपया चर्चा करा' असा शेरा मारून मी ती परत पाठवली असती. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो, मी आणि मुलगी मुक्ता. तिची आई गेली तेव्हा मुक्ता दहावीत होती. आता नोकरी करते. इथेच वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत अर्धी हिंदी. हे मुद्दाम सांगतोय.

तिची आई गेली त्या सकाळी मी मुक्ताला स्कूटरवरून क्लासला सोडायला निघालो होतो. नीलिमाला – माझ्या बायकोला – दम्याचा त्रास होता, ती आतल्या खोलीत पडून होती. मुक्ता जिन्यात पोचली होती. आतून नीलिमा म्हणाली, "दार नुसतं लोटून जा." आणि मग जरा हळू, "कडी नको." त्रास वाढलाच तर समोरच्या घरी जाता यावं म्हणून. मी ऐकलं. पण आमच्याकडे माकडं फार. लोटलेलं दार ढकलतात आणि सरळ स्वयंपाकघरात शिरतात. लगेच तर परत येतोय, असा विचार करून मी बाहेरून कडी घातली.

वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकलो. आलो तेव्हा कडी होती तशीच होती. काढली, तरी दार उघडेना. ती आतून दाराला टेकून बसली होती.

सगळ्यांना मी सांगितलं, दार लोटलेलंच होतं. कुणी जास्त विचारलं नाही.

तेराव्यानंतर मुक्ता म्हणाली, "बाबा, आई मला वापस बोलवत होती. 'लौटून जा' म्हणाली. मी ऐकलं, पण लौटलेच नाही."

तिने 'लोटून' हा शब्द हिंदीतला धरला होता. एका वाक्यात तिला मोकळं करता आलं असतं. पण लोटून म्हणजे काय, हे सांगितलं की पुढचा प्रश्न दाराचाच येणार होता. मी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

तेव्हापासून ती कुठेही निघाली की अर्ध्या जिन्यातून परत वर यायची. दारात क्षणभर उभी राहायची, मग जायची. क्लासला, कॉलेजला, ऑफिसला. मी ते रोज बघत आलो.

आता मूळ गोष्ट. यंदा तिनेच मला तिच्या रविवारच्या खेळाला ओढून नेलं. "घरात जुन्या फाइलसारखा पडून असतोस," म्हणाली. नोएडातल्या एका कॅफेत दुपारी ही मुलं टेबलाभोवती बसून रोलप्ले खेळतात. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं. एक जण गोष्ट सांगतो, 'आता तू काय करशील?' असं विचारतो आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. नव्या माणसासाठी पात्र तयार मिळतं, गोष्टही छापील – सगळ्या टेबलांवर एकच. मला पहारेकरी मिळाला.

गोष्ट सांगणारा अंगद फरीदाबादचा. मराठीचा त्याला गंधही नाही. तो म्हणाला, "अंकल, डरो मत. मर गए तो दूसरा कैरेक्टर दे देंगे."

"पहले वाले की फॅमिली को पेन्शन मिलेगी?" मी विचारलं.

"बाबा, यार, ऑफिस बाहेर ठेव ना," मुक्ता म्हणाली. पण ती खूश होती. शेजारी बसलेली रिद्धी नावाची कॉलेजातली मुलगी तर हसत सुटली.

तासभर बरा गेला. मग गोष्टीत आमची टोळी एका सराईच्या खोलीतून बाहेर पडत होती. अंगद म्हणाला, "सब निकल गए. लास्ट में अंकल. क्या करोगे?"

मी विचारही केला नाही, कडीच तोंडात आली. "दरवाज़ा खींच के कुंडी लगा दूँगा."

"पक्के दिल्लीवाले," रिद्धी म्हणाली.

अंगद खाली कागदाकडे बघत होता. मान वर न करता, त्याच्याच आवाजात, तो म्हणाला, "दार नुसतं लोटून जा." थोडं थांबून, हळू... "कडी नको."

मुक्ताच्या हातातला फासा टेबलावरून घरंगळत खाली गेला. कुणी उचलला नाही.

"अंगद, क्या बोला तू?" मुक्ताने विचारलं.

"मैंने? अंकल से पूछा, कुंडी अंदर से या बाहर से." त्याने रिद्धीकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिनेही तेवढंच ऐकलं होतं. "अंकल? अंदर से या बाहर से?"

"बाहेरून," मी म्हणालो. मराठीतच.

तब्येतीचं कारण सांगून आम्ही उठलो. मेट्रोच्या मॅजेंटा लाईनवर गर्दी नव्हती. बरीच स्टेशनं मुक्ता खिडकीच्या काचेत बघत होती. मग म्हणाली, "लौटून जा, एवढंच बोलली होती ना ती? मग 'कडी नको' काय होतं?"

ते शब्द तिने कधी ऐकलेच नव्हते. ती तेव्हा जिन्यात होती. नीलिमा गेल्यावर ते फक्त मला माहीत होते, आणि मी ते कुणापुढे उच्चारले नव्हते.

"लौटून नाही, मुक्ता. लोटून. दार कडी न घालता नुसतं ओढून घ्यायचं, त्याला लोटणं म्हणतात."

"म्हणजे मला बोलावलं नव्हतं."

"नाही."

"आणि कडी?"

"मी घातली. बाहेरून."

आमचं स्टेशन आलं. ती उतरली आणि माझ्या पुढे चालत राहिली. घरी पोचल्यावर एकच बोलली, "तुला माहीत होतं. मी रोज वर यायचे, तू बघायचास."

मनात तेच घोळत होतं म्हणून दोघांना भास झाला, असं म्हणता येईल. मीही तेच म्हणून पाहिलं. पण जे मुक्ताला माहीतच नव्हतं त्याचा तिला भास कसा व्हावा? अंगदला पुन्हा विचारलं, छापील गोष्टीत सराईच्या त्या खोलीत मागे कुणी असतं का. तो बिचारा म्हणाला, "अंकल, वो कमरा तो खाली है. वहाँ बोलने वाला कोई है ही नहीं." हल्ली त्याचा मेसेज येतो – आपका गार्ड दरवाज़े पे खड़ा है, कब आओगे. मी पुन्हा गेलेलो नाही.

मुक्ता घरी येते, जेवते, गॅस संपला तर सांगते. तेवढंच. सकाळी ऑफिसला जाताना दार नुसतं लोटते. मी कडी घालायला उठत नाही. माकडांनी दोनदा केळी नेली.

आता ती जिन्यातून परत वर येत नाही. मला हेच हवं होतं. तरी तिची पावलं खाली गेली की मी चहाचा कप हातात धरून दाराकडे बघत बसतो.