कडूबा फिटरनं आवळलेला पाइप

कडूबा फिटरचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. देवळात गेला तरी वहाणा काखेत! असला हा गृहस्थ खामगावच्या एका कापसाच्या जिनात वाफेचे पाइप सांभाळायचा.

त्या हंगामात बॉयलर नव्या शेडमध्ये गेला आणि इंजिनापर्यंतचा पाइप चांगलाच लांबला. त्याला भिंतीत लोखंडी टेकू बसवायचे होते. हाताखालचा इंद्रभान, म्हणजे कडूबाचा सख्खा जावई, म्हणाला, "मामाजी, एकाच जागी आवळू. बाकी टेकूंवर पाइप नुसता ठेवू."

"काऊन? पडला म्हंजे?" कडूबानं प्रत्येक टेकूला पट्टी घालून बोल्ट करकचून आवळले.

दुपारी बघतो तर दोन टेकू भिंतीतून उपटलेले. पुन्हा बसवले, पुन्हा उपटले. झालं! आपलं म्हणणं खरं करायला जावईच हे करतो, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. अन् या शहाण्यानं साऱ्या कामगारांदेखत म्हणावं, "जावईबापू, पाना ठेवा खाली. टेकू कोन उपटते, समजलं मले."

इंद्रभाननं पाना ठेवला आणि बायकोला घेऊन अमडापूरला आपल्या घरी निघून गेला. लेक कोकिळेला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आईनं डिंकसुद्धा आणून ठेवलेला. आता जावई तिला कशाला पाठवतो?

जावयाचा कोणी साथीदार असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी कडूबा सकाळपासून पाइपाखाली ठाण मांडून बसला. वाफ चढली. पाइप कुरकुरला, पट्टीला रेटत पुढे सरकला आणि भिंतीचा चुना कडूबाच्या पागोट्यावर पडला. आसपास चिटपाखरू नव्हतं! तापला की पाइप लांबतो, हे आजवर आखूड पाइप बसवणाऱ्या कडूबाला तेव्हा उमगलं. वाफ उतरल्यावर त्यानं एक सोडून साऱ्या पट्ट्या काढल्या आणि बैलगाडी जुंपून अमडापूर गाठलं.

"चुकलो, जावईबापू. पोरीले पाठवा."

"न्या ना, मामाजी." इंद्रभाननं स्वतः कोकिळेचं गाठोडं गाडीत ठेवलं.

कडूबाला रडूच आलं. पण गाव मागं पडतं न पडतं तोच तो मागं वळला अन् हळूच विचारता झाला, "पोरी, भांडनतंटा न करता ते इतक्या लवकर हो म्हनले. काऊन बरं? काही मनात तं नाही ना त्याईच्या?"

कोकिळेनं गाठोडं जवळ ओढलं.

"गाडी थांबवा, आबा."

गाठोडं घेऊन ती उतरली आणि अमडापूरच्या दिशेनं चालू लागली.