तीर्थ प्यालेलं पोवळं

२०२३ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत झाली आणि ऐकून घ्यायची सवय तेवढीही नाही. त्या वयात मी घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडून पोवळं पाळलं. अंगठीतलं नव्हे, जिवंत, मऊ, झाडासारख्या फांद्यांचं, पाण्यात डुलणारं.

ते दिलं द्वारका चौकाजवळच्या, शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्यानं. हा माणूस बोलताना गिऱ्हाइकाकडे बघत नाही, टाकीकडे बघतो. पाणी बोटानं जिभेवर घेऊन चाखतो. मासा मेला तरी 'रुसला' म्हणतो. त्यानं बजावलं होतं, "मिटलं तर हात लावू नका. आपोआप उमलतं."

पोवळं मिटलं. मला कुठला धीर? रामकुंडावरून तीर्थ आणलं आणि कळशीभर टाकीत ओतलं. संध्याकाळी फांद्या विरघळायला लागल्या, तेव्हा नाक मुठीत धरून त्याला बोलावलं.

त्यानं पाणी चाखलं. "गोडं पाणी कोणी घातलं, बाबा?"

"तीर्थ आहे ते."

"माणसाला चालतं. हा समुद्रातला जीव."

मग त्यानं कात्रीनं सगळं सडकं कापून टाकलं. बोटभर धड फांदी उरली, ती दोऱ्यानं दगडाला बांधून स्वतःच्या डब्यात ठेवली.

"ही माझ्याकडे राहू द्या. जगली तर आणून देतो."

"पोवळं माझं आहे."

"म्हणूनच नेतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं शटर उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. घरी सुनेला सांगितलं होतं, देवळात जातोय.