पत्र किती वाजता आलं

१९५२, जानेवारीतला एक शनिवार, दुपारची वेळ. कलकत्त्यात भवानीपूरचं आमचं दोन खोल्यांचं घर. हजर: आई, मी (वय सोळा), दौऱ्यावर आलेल्या मराठी रंगभूमीवरच्या एक नामांकित गायिका, त्यांचे तबलजी. वडील फोर्ट विल्यममधल्या कचेरीत होते, ते संध्याकाळी येणार होते.

बाई आमच्याकडे यायच्याच नव्हत्या. वरच्या मजल्यावरच्या मराठी साहेबांनी त्यांना जेवायला बोलावलं होतं, पण वाराचा घोटाळा झाला आणि वर कुलूप होतं. परत उतरताना त्यांना आमच्या दारातली रांगोळी दिसली.

त्याआधी पंधरा मिनिटं पोस्टमन येऊन गेला होता. कार्ड मीच घेतलं. वरती ‘श्री’ लिहिलेलं नव्हतं, तेव्हाच कळलं, कुणीतरी गेलं. सांगलीला आजोबा, म्हणजे आईचे वडील, गेले होते. चार दिवस झाले होते. आई आत पोळ्या करत होती. तिला कसं सांगायचं ते मी दारातच मनाशी जुळवत होते, तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, “मराठी घर ना हे? घोटभर पाणी मिळेल?”

आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. आमच्याकडे रेडिओ नव्हता. शेजारच्यांच्या रेडिओवर या बाई लागल्या की ती भिंतीला कान लावून उभी राहायची.

“नुसतं पाणी कसलं, जेवूनच जा,” ती म्हणाली. “आठ दिवस मोहरीच्या तेलातलं खात असाल.”

“अकरा,” तबलजी म्हणाले. “मी मोजलेत.”

मी कार्ड पोलक्यात खोचलं. सुतकात आईला पाहुण्यांना वाढता येणार नव्हतं. पण लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीन दिवस, आणि तेही कळल्यापासून. तासाभरानं कळलं तर तासाभरानं लागेल. आजोबांसाठी त्या तासानं आता काही बदलणार नव्हतं. सोळाव्या वर्षी मला हे अगदी बिनचूक वाटलं.

पानं मांडली. “वहिनी, आता बास,” तबलजी म्हणाले. “पाचवी पोळी खाल्ली तर संध्याकाळी ताल चुकेल.”

“एरवी उपाशीपोटीही चुकतोच,” बाई म्हणाल्या. मग आईकडे वळून, “वाढताना गुणगुणताय ते कुठं शिकलात?”

“वडिलांनी शिकवलेलं. आता कसलं.”

“हात धुऊन या आणि म्हणा.”

आईनं सारंगातली एक चीज म्हटली. तोवर मी तिचं पूर्ण गाणं कधी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा आवाज कापरा होता, मग लागला. मी ताकाचं भांडं धरून उभी होते आणि कार्डाचा कोपरा टोचत होता. बाईंनी वाहवा केली नाही. फक्त म्हणाल्या, “अंतरा पुन्हा घ्या.” आईनं घेतला. शेवटी स्वतःशीच हसली.

“वडील आहेत?” बाईंनी विचारलं.

“आहेत ना. सांगलीला.”

“मग आजच लिहा त्यांना. म्हणावं, मी अंतरा दोनदा म्हणायला लावला.”

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

ते दोघं गेल्यावर आईनं उष्टी तशीच ठेवून कार्ड लिहायला घेतलं. ‘श्री’. ‘तीर्थरूप बाबांस’. चारच ओळी लिहिल्या आणि माझ्या हातात दिलं. “पळ. आजच्या डाकेला लागलं पाहिजे.”

मी खाली जाऊन पेटीपाशी उभी राहिले. मग वर आले आणि पोलक्यातलं कार्ड तिच्यापुढे धरून म्हणाले, “पोस्टमन खाली भेटला.”

तिनं उभ्यानंच वाचलं. असलं पत्र घरात ठेवत नाहीत, वाचून लगेच फाडतात. तिनंही फाडलं. ते किती वाजता आलं, हे सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही.

“माझं टाकलंस का गं?”

“नाही.”

“दे इकडे.” तेही तिनं फाडलं. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि बराच वेळ म्हणत राहिली, “त्यांना कळायला हवं होतं. एवढं एक त्यांना कळायला हवं होतं.” मी जवळ गेले नाही. उष्टी काढली.

त्यानंतर आई कधीही गायली नाही. वाढतानाही नाही.

आता ती माझ्याकडे डमडमला असते. कुणी आलं की तो दिवस सांगते. तिच्या सांगण्यात पत्र नेहमी गाण्यानंतर येतं. “आधी आलं असतं तर मी तोंड उघडलं असतं का? देवानं पोस्टमनला थांबवलं,” ती म्हणते. देवाच्या या एका उपकारावर तिनं बाकीचं सगळं सोसलंय. पाहुणे माझ्याकडे बघतात, मी मान हलवते. गेल्या आठवड्यातही हलवली.

या महिन्याच्या कामांची यादी समोर आहे. विम्याचे कागद झाले. आईचा चष्मा झाला. पाण्याची टाकी धुऊन झाली. ‘आईला पत्राची खरी वेळ सांगणे’ राहिलं आहे.