वीसपैकी अठरा

हॉस्पिटलच्या धुलाई विभागात मुकादमबाईंची तेवीस वर्षं गेली. कुठल्या वॉर्डाला किती चादरी लागतात, कुठली आया चार जास्तीच्या मागते, कुठल्या डॉक्टरांना हिरवा झगा आखूड होतो, सगळं तोंडपाठ. मग वरून फर्मान निघालं. पुढच्या महिन्यापासून कपड्यांची मागणी कॉम्प्युटरवरून होणार, तेव्हा मुकादमांनी पंधरा दिवसांचा वर्ग करून परीक्षा द्यायची. नापास होईल त्याचं मुकादमपद जाणार, तो घड्या घालायला बसणार. बाई निमूटपणे वर्गात गेल्या.

शिकायची त्यांची पुरेपूर तयारी होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर लोक लगेच म्हणतात, वय झालं, आता डोक्यात काय शिरणार. डोकं शाबूत होतं. अडचण हाताची होती, आणि तो हातही बाईंचा नव्हे, मास्तरांचा.

मास्तर जेमतेम तिशीचे, आणि सदा घाईत. बाईंनी माउस धरला की स्क्रीनवरचा बाण कुठेतरी कोपऱ्यात जाऊन दडायचा. त्या तो शोधेपर्यंत मास्तरांचा हात पुढे आलाच.

"मावशी, सरका जरा. हे बघा, असं." टक, टक. फोल्डर तयार, त्याला नाव दिलेलं, फाइल आत टाकलेली. "कळलं?"

काय कळणार, कपाळ! दुसऱ्याला धुताना बघून कुणाला कपडे धुता येतात का?

"सर, एकदा मला करू द्या ना," असं त्या रोज म्हणायच्या. मास्तर रोज "उद्या" म्हणायचे. घरी सूनबाईंची तीच तऱ्हा. "आई, द्या इकडे, काहीतरी उडवून बसाल." पंधरा दिवस दोघांनी मिळून शिकवलं आणि बाईंना ते मशीन बंद कसं करायचं तेही आलं नाही, कारण त्या उठायच्या आत कुणीतरी ते बंद करून मोकळं व्हायचं.

परीक्षेत बाई पहिल्याच प्रश्नाशी झटत होत्या, तेवढ्यात मास्तर मागून वाकले आणि त्यांनी वीसच्या वीस प्रश्न उरकून टाकले. त्यातले दोन मुद्दाम चुकवले, कुणाला संशय नको म्हणून.

"वर्गाचा निकाल शंभर टक्के लागायला हवा ना, मावशी."

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र हातात पडलं. वीसपैकी अठरा. विभागातल्या बायकांनी कौतुक केलं, सुनेने ते कपाटाच्या दाराला चिकटवायला काढलं. पद वाचलं होतं. गप्प बसणं सोपं होतं, आणि एक दिवस बाई गप्प बसल्याही. पण एक तारखेला ऑपरेशनच्या खोलीतून चादरी मागतील आणि आपण मशीनसमोर बसून कुणालातरी हाक मारू, जरा येता का, एवढं करून देता का. आणि निवृत्तीपर्यंत हेच चालेल, हे डोळ्यांसमोर आलं तसा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच नावाच्या परीक्षेतून आपल्यालाच कुणीतरी बाजूला सारलं होतं, वर अभिनंदनही केलं होतं.

त्या तडक प्रशिक्षणाच्या साहेबांकडे गेल्या आणि प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं.

"हे मार्क तुमच्या मास्तरांचे आहेत. त्यांना द्या. माझी परीक्षा घ्या."

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "अहो बाई, पास आहात. मग तक्रार कसली?"

"मी बसलेच नाही परीक्षेला. नुसती खुर्चीवर होते."

"आणि आता नापास झालात तर?"

"तर झाले. घ्या परीक्षा. फक्त तुमचे हात टेबलाखाली ठेवा."

साहेबांनी ठेवले. दोनदा त्यांचा उजवा हात वर आला, दोनदा बाईंनी नुसतं पाहिलं आणि तो खाली गेला. मशीन सुरू करायचं बटण शोधण्यातच पाच मिनिटं गेली. बाण हरवला, सापडला. एका बोटाने फोल्डरचं नाव लिहून झालं. फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडली, ती बाईंनी घाम पुसत पुसत बाहेर काढली. वेळ संपली तेव्हा सात प्रश्न झाले होते.

"पास व्हायला दहा लागतात," साहेब हळू आवाजात म्हणाले. "पुढची परीक्षा तीन महिन्यांनी. तोवर घड्या घालाव्या लागतील. अजूनही ते अठरा ठेवता येतील, मी कुणाला सांगणार नाही."

बाईंना क्षणभर रडू आलं. तेवीस वर्षं काही थोडी नव्हेत.

"सात लिहा," त्या म्हणाल्या. "हे माझे आहेत."